डोकं नि मान दुखते तेव्हा: बेळगाव, निपाणी, खानापूरच्या कामकरी माणसांसाठी

माझी आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं नि जर्दा, आणि खाली घातलेली मान. हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत ती मान वर यायची नाही. दिवेलागणीला कपाळाला फडकं घट्ट आवळून ती स्वयंपाकाला लागायची आणि मला हाक मारायची, "डोस्कं लई दुखाय लागलंय, दुकानातनं एक गोळी आण जा." गोळीचं नाव तिला ठाऊक नव्हतं. रंग सांगून ती मागायची. अशी किती वर्षं गेली, किती गोळ्या गेल्या, याचा हिशेब कुणीच ठेवला नाही.

पुढे मी फिजिओथेरपी शिकले आणि आता बेळगावात काम करते. माझ्याकडे वडगाव-खासबागचे मागवाले येतात, उद्यमबागेतले फाउंड्री कामगार येतात, खानापूरकडून जळणाचे भारे वाहणाऱ्या बायका येतात, दिवसभर संगणकापुढे बसणारी टिळकवाडीची पोरं येतात. बहुतेकांची डोकेदुखी नि मानदुखी जिवाला धोका असणारी नसते, आणि ती बरी होते किंवा पुष्कळ आटोक्यात येते. अडतं ते एकाच ठिकाणी. दुखणं नेमकं कसलं आहे हे ओळखायच्या आधीच गोळी पोटात गेलेली असते. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिते आहे: आधी धोका नाही ना ते बघायचं, मग दुखणं ओळखायचं, मग उपाय. औषधं लिहून देणं हे माझं काम नाही. गोळ्यांबद्दल इथे आहे ते प्रत्येकाला माहीत असायलाच हवं इतकंच. डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा.

पायरी पहिली: घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा

पुढचं काहीही असेल तर शेक, बाम, व्यायाम सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, खरं तर त्याच तासाला, मोठं हॉस्पिटल गाठा.

डोक्यात वीज पडावी तशी कळ आली आणि मिनिटभरात ती टोकाला पोचली, "आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं" असं माणूस म्हणतोय, तर मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो. डोकेदुखीबरोबर ताप आणि मान इतकी ताठ की हनुवटी छातीला टेकत नाही, उजेड सहन होत नाही, गुंगी येते, तर मेंदूज्वराची शंका. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर उचलत नाही, बोबडं बोलणं, तर पक्षाघात. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. आपल्याकडे अथणी-कागवाडची माणसं मिरजेला, निपाणीची कोल्हापूरला जायची सवय आहे. सवयीचं हॉस्पिटल चांगलंच असेल, पण अशा वेळी सीटी स्कॅनची सोय असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल बघा, राज्याची सीमा बघू नका. १०८ ला फोन करा. घरात "थोडा वेळ पडू दे, बरं वाटेल" म्हणण्यात फार माणसं गेली आहेत.

डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, झापड. फिट येणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यातही कानशील हात लावला तरी दुखतंय, जेवताना जबडा दुखतोय, नजर अंधूक होतेय, तर उशीर केल्यास दृष्टी जाऊ शकते. डोळा लालभडक, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाची नवी डोकेदुखी कधीच साधी धरू नका.

गरोदर बाईबद्दल नि बाळंतिणीबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे. पाचव्या महिन्यानंतर जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, हातापायांवर नि चेहऱ्यावर सूज, यातलं काही दिसलं तर लगेच रक्तदाब मोजून घ्या. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, फिट किंवा एखाद्या बाजूची ताकद जाणं, हे मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं लक्षण असू शकतं. शरीरातलं पाणी कमी झालं की हा धोका वाढतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत अजून काही घरांत आहे. सासूबाईंनी मायेनेच सांगितलेलं असतं ते, पण ती रीत सोडा. तिला हवं तेवढं पाणी पिऊ द्या.

मानेच्या बाबतीत धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत. शर्टाची बटणं लावता येईनाशी होणं, हातातून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं, पाय ताठ होणं, लघवी-शौचाचा ताबा सुटणं. हे मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण आहे आणि त्यात व्यायाम सुरू करण्याआधी हाडांच्या किंवा मेंदूच्या तज्ज्ञाने तपासलं पाहिजे. अशा माणसाला मालीश तर नकोच.

पायरी दुसरी: पंधरा दिवसांची वही

यातलं काही नसेल तर एक वही घ्या. शाळेच्या पोरांची जुनी, अर्धी उरलेली चालेल. रोज एक ओळ लिहायची: किती वाजता दुखायला लागलं, कुठं, कसं, किती तास, त्याआधी काय केलं होतं, जेवण नि झोप कशी झाली, गोळी घेतली का आणि कोणती. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. लिहिता येत नसेल तर नातवंडाकडून लिहून घ्या, किंवा कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारा आणि गोळी घेतली त्या दिवशी फुलीभोवती गोल करा.

यातला "कसं" हा शब्द सगळ्यात मोलाचा. आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. ठणकतंय, ठसठसतंय, आवळल्यासारखं झालंय, जड झालंय, चमक मारते, रखरख होते, मुंग्या येतात, सुई टोचल्यासारखं होतं. हे शब्द उगीच वेगळे नाहीत, त्यातला जवळजवळ प्रत्येक वेगळ्या दुखण्याकडे बोट दाखवतो. पट्टा आवळल्यासारखं म्हणणाऱ्याची डोकेदुखी बहुधा ताणाची. अर्ध्या डोक्यात नाडीबरोबर ठसठसतंय म्हणणारीची अर्धशिशी. मानेतून हातात चमक नि मुंग्या म्हणाल तर नस. नुसतं "डोकं दुखतंय" सांगितलं की ही सगळी माहिती वाया जाते.

पायरी तिसरी: डोकेदुखी कोणती

सगळ्यात जास्त माणसांना होते ती ताणाची डोकेदुखी. दोन्ही बाजूंना, कपाळापासून मानेपर्यंत आवळल्यासारखी, कमी ते मध्यम. ती अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत कितीही टिकू शकते. उलटी होत नाही, चालल्या-फिरल्याने वाढत नाही. मान नि खांद्याचे स्नायू दाबले तर दुखतात. मागावर दिवसभर उभं राहणारे, रात्रपाळी करणारे, घरात कुणी आजारी असलेले, कर्जाच्या काळजीतले. यंत्रमागाचा खडखडाट हेही मोठं कारण आहे. तिथे काम करणाऱ्यांनी कानात बसणारे प्लग वापरावेत. कान वाचतो ते वेगळंच, संध्याकाळचं डोकंही हलकं राहतं, असं मला अनेक मागवाल्यांनी सांगितलं आहे.

दुसरी अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. बहुधा एका बाजूला, ठसठसणारी, ४ ते ७२ तास टिकणारी. मळमळ, उलटी, उजेड नि आवाज नकोसा, जिना चढला तरी वाढते, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. काहींना आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, त्या ५ ते ६० मिनिटांत जातात. बायकांमध्ये ती पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळते, आणि आई-मावशीला असेल तर तुम्हालाही असण्याची शक्यता वाढते. हे "नखरे" नाहीत, हा मेंदूच्या कामकाजातला खरा आजार आहे. पाळीच्या आसपास नि उन्हात ती उठते. उपाशी राहिल्यावर, झोप बुडाल्यावर किंवा फार झोपल्यावर, उग्र वासाने उठते. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत कडक उपास, शिवजयंतीच्या चित्ररथांची किंवा गणपती विसर्जनाची जागलेली रात्र, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं धरून बसलेली बाई, हे मी दर वर्षी बघते. उपास सोडा असं मी म्हणत नाही. पण दर चार तासांनी दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू, रताळं असं काही पोटात जाऊ द्या. रताळी तर आपल्याच मातीतली. पाणी मात्र उपासातही भरपूर हवं.

"मला सायनस आहे" असं सांगणाऱ्यांतल्या पुष्कळांना प्रत्यक्षात मायग्रेनच निघतं, कारण मायग्रेनमध्येही नाक बंद होतं, डोळ्यातून पाणी येतं. खऱ्या सायनसमध्ये नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ताप, वास न येणं, वाकल्यावर गालाची हाडं जड होणं असतं. वर्षानुवर्षं सायनसच्या गोळ्या घेऊन गुण येत नसेल तर वही घेऊन मेंदूविकार तज्ज्ञाकडे एकदा जाऊन या.

एका डोळ्याच्या मागे भोसकल्यासारखी, १५ मिनिटं ते ३ तास, त्याच बाजूचा डोळा लाल, पाणी, आणि माणूस एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो, ही वेगळी डोकेदुखी आहे, पुरुषांत जास्त. साध्या गोळीने ती थांबत नाही, तज्ज्ञ लागतो.

आता गोळीनेच होणारी डोकेदुखी. माझ्या आईला शेवटी हीच होती, हे मला शिकल्यावर कळलं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी नि मायग्रेनची खास गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की ती गोळीच डोकं दुखवायला लागते. सकाळी उठतानाच डोकं जड, गोळी घेतली की तासभर बरं, परत तेच. उपाय एकच, गोळी थांबवणं. थांबवल्यावर पहिले काही दिवस डोकं जास्त दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीत करायचं. काही गोळ्या एकदम थांबवता येत नाहीत, हळूहळू कमी कराव्या लागतात. पण ते दिवस सरले की बहुतेकांची डोकेदुखी पुष्कळ कमी होते. चहाचंही थोडं असंच आहे. दिवसाला सात-आठ कप पिणाऱ्याने एकाएकी बंद केला तर दोन दिवस डोकं ठणकतं. हळूहळू कमी करा.

रक्तदाबाबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. थोडासा वाढलेला रक्तदाब सहसा डोकं दुखवत नाही, आणि म्हणूनच "डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही" असं समजून गोळी बंद करणं धोक्याचं आहे. १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत डोकेदुखी, धूसर दिसणं, छातीत दुखणं असेल तर मात्र तातडीने दवाखाना.

चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं. विडीचा दोरा, शिलाईची सुई, तांदळातले खडे बघताना डोळे ताणले जातात नि मान आणखी पुढे जाते. चष्म्याने मानदुखी कमी झालेली मी पाहिली आहे, तेव्हा डोळे तपासून घ्यायला लाजू नका.

आपल्या भागातली काही खास कारणं

निपाणी-चिकोडीकडे तंबाखूची ओली पानं खुडताना, काढणीच्या दिवसांत दव पडलेलं असताना, निकोटीन कातडीतून अंगात जातं. डोकं दुखतं, घेरी येते, मळमळतं, उलट्या होतात, घाम सुटतो. लोक याला ऊन लागलं म्हणतात. पानं ओली असताना हातमोजे नि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कपडे भिजले की बदला, काम संपल्यावर साबणाने हात नि अंग धुवा. पोटुशी बाई नि शाळकरी पोरं यांना हे काम नकोच. त्रास झाला तर लगेच पानांपासून दूर व्हा, कपडे बदला, अंग धुवा, पाणी प्या. उलट्या थांबत नसतील किंवा श्वास लागत असेल तर दवाखाना.

दुसरं कारण दारं-खिडक्या बंद असलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर आणि थंडीत बंद खोलीत पेटवलेली शेगडी. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू तयार होतो. घरातल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं, किंवा आंघोळीनंतर घेरी नि डोकेदुखी, तर आधी दार उघडा, मोकळ्या हवेत या, मग हॉस्पिटल. अशा वेळी "पित्त झालंय" म्हणून लिंबू पाणी देत बसू नका. फाउंड्रीत भट्टीजवळ काम करणाऱ्यांनाही हे लागू.

तापाबरोबरची डोकेदुखी असेल तर पावसाळ्यात नि त्यानंतर डेंग्यू लक्षात ठेवा. तेव्हा आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच. खानापूरच्या रानात, विशेषतः डिसेंबर ते मे दरम्यान, काजू-पालापाचोळा-जळण गोळा करणाऱ्यांना गोचीड चावून एकाएकी मोठा ताप नि भयंकर डोकेदुखी झाली तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे आवर्जून सांगा. शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत.

पायरी चौथी: मान नेमकी कशाने धरली

माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते खांद्यांवर सरळ तोललेलं असेल तर मानेला जड नाही. पण पुढे वाकवलं की ओझं वाढत जातं. ६० अंशांपर्यंत वाकवलेल्या मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो असा एक गणिती अंदाज आहे. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण मोबाइल बघणारी मान, सुपावर झुकलेली मान नि शिलाई मशीनवरची मान तिन्ही त्याच कोनात असतात.

सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळतच नाही, ही साधी उसण. स्नायू आखडलेला असतो, चार दिवस ते आठवड्यात सुटतो. बरेच आठवडे मंद दुखत राहते, संध्याकाळी वाढते, तिथूनच डोक्याच्या मागे नि त्याच बाजूच्या डोळ्यापर्यंत कळ जाते, मान वळवली की डोकं दुखतं, तर ती मानेतून आलेली डोकेदुखी. हिला गोळीपेक्षा मानेच्या व्यायामाचाच उपयोग जास्त.

"मणक्यात गॅप आलाय", "मणके झिजलेत" हे वाक्य ऐकून माणसं कोसळतात. माझं सांगणं ऐका. चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांची मान कधीही दुखलेली नाही अशांच्याही एक्स-रेत झीज दिसते. केस पांढरे व्हावेत तसं ते आहे. फोटोवर उपचार होत नाहीत, माणसावर होतात. धोक्याच्या खुणा नसतील तर पहिल्या दिवशी एमआरआयची गरज नसते, आणि त्यासाठी दागिने गहाण ठेवायची तर मुळीच नसते.

नस दाबली जाते तेव्हा कळ हातात उतरते. मानेतून नसांच्या आठ जोड्या निघतात. अंगठ्याकडे मुंग्या असतील तर बहुधा सहावी, मधल्या बोटाकडे सातवी, करंगळीकडे आठवी. ऐकायला भीतीदायक वाटलं तरी यातली बहुतेक माणसं ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय बरी होतात. हाताची ताकद कमी होत चालली असेल तर मात्र थांबू नका. आणि एक फरक: रात्री झोपेतून जाग येते, अंगठा ते मधलं बोट बधिर, हात झटकला की बरं वाटतं, तर नस बहुधा मनगटात दाबलेली असते, मानेत नव्हे. विडी वळणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या, विणकाम करणाऱ्या बायकांत हे पुष्कळदा मानेचं समजून उपचार चुकतात.

पायरी पाचवी: घरी करायचे उपाय

उसण भरल्यावर पहिले दोन-तीन दिवस ओल्या गरम फडक्याने १५-२० मिनिटं शेका, दिवसातून दोन-तीनदा. पूर्ण पडून राहू नका. जितकी वळते तितकी मान हळूहळू हलवत राहा. गळ्याचा पट्टा मनाने बांधू नका, डॉक्टरांनी दिलाच तर तेवढेच दिवस. महिनोन्‌महिने पट्टा बांधून स्नायू लुळे पडलेली माणसं माझ्याकडे येतात, आणि त्यांना बरं व्हायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो.

कळ जरा ओसरली की व्यायाम. भिंतीला पाठ टेकून बसा किंवा उभे राहा. हनुवटी खाली न घालता सरळ मागे ओढा, जणू कुणी समोरून बोटाने हनुवटी मागे सारतंय. डोक्याचा मागचा भाग भिंतीकडे जाईल. पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. एकच व्यायाम करायला वेळ असेल तर हा करा. मग दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे ओढा, पाच सेकंद, दहा वेळा. मग तळहात कपाळाला लावून डोक्याने हाताला नि हाताने डोक्याला रेटा, डोकं हलू द्यायचं नाही, पाच सेकंद, पाच वेळा. असंच डोक्याच्या मागे नि दोन्ही कानशिलांवर. शेवटी उजवा हात मांडीखाली दाबून डावा कान डाव्या खांद्याकडे न्या, उजवीकडे ताण जाणवला पाहिजे, २० ते ३० सेकंद, तीन वेळा. मग दुसरी बाजू. सगळं मिळून दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. हलका ताण चालेल, पण हातात कळ उतरली किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. मान गोल-गोल गरगर फिरवू नका. गुण दिसायला सहा आठवडे द्या. दुसऱ्या आठवड्यात सोडून देणारेच जास्त असतात, आणि चार महिन्यांनी तेच परत येतात.

उशी इतकी हवी की कुशीवर झोपल्यावर कान आणि खांदा यांच्यातली पोकळी भरेल नि मान सरळ राहील. पालथं झोपणं टाळा. रोज अर्धा तास भराभर चालण्याने ताणाची नि मायग्रेनची दोन्ही डोकेदुखी कमी होते.

आता कामाचं. विडी वळताना पाठ भिंतीला टेकवा, बुडाखाली चार बोटं उंचीचं काही घ्या, आणि सूप मांडीऐवजी पाटावर किंवा उशीवर ठेवून वर आणा. दर शंभर विड्यांनी एकदा मान वर करून हनुवटी मागे ओढायची. आईला मी हे फार उशिरा सांगितलं. आज मी ज्यांना सांगते त्या बायका म्हणतात, शंभराला थांबलं तर हजारी लांबते. अर्धं मिनिट लागतं, मोजून बघा. मागावर तुटलेला धागा जोडताना कमरेतून पुढे व्हा, एकटी मान लांबवू नका.

डोक्यावरचा भारा हा सगळ्यात अवघड प्रश्न. चुंबळ जाड नि रुंद असू द्या. भारा एकटीने उचलून डोक्यावर घेऊ नका, दोघींनी चढवा, दोघींनी उतरवा. दुखापत चालताना कमी, चढवता-उतरवताना जास्त होते. डोक्यावर ओझं असताना हाक आली तर मान वळवू नका, पायांनी सगळं अंग वळवा. एका मोठ्या खेपेऐवजी दोन लहान खेपा. उसाच्या मोळीलाही हेच. आणि ज्या बाईच्या हाताला मुंग्या येतात, तिच्या डोक्यावर काही दिवस भारा द्यायचा नाही, हे घरातल्या पुरुषांनी ठरवायचं आहे. तिला ते स्वतःहून म्हणता येत नाही.

दुचाकीवर खड्ड्यातून आपटलं की मान दुखते म्हणून हेल्मेट सोडणारे भेटतात. हेल्मेट सोडू नका. मापाचं नि हलकं घ्या, वेग कमी करा, खांदे सैल ठेवा.

पायरी सहावी: गोळी घ्यायचीच तर

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन, दोन डोसांत निदान सहा तास. स्वतःहून दिवसाला ३ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० च्या सहा गोळ्यांच्या वर जाऊ नये. दारू पिणाऱ्यांनी नि यकृताचा आजार असलेल्यांनी आधी विचारावं. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या जेवणानंतरच, आणि पोटात व्रण, किडनीचा आजार, हृदयविकार, गोळीने वाढणारा दमा, गरोदरपण यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. सोळा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन नाही.

मायग्रेनमध्ये गोळी दुखणं सुरू होताच घ्यायची, "बघू, थांबेल" म्हणत तीन तास घालवले की पोट औषध नीट शोषत नाही. आणि आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. महिन्यात चार किंवा जास्त दिवस अर्धशिशी असेल तर ती येऊ नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन यांतलं तुम्हाला कोणतं चालेल ते डॉक्टर ठरवतात. दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईला टोपिरामेट नको, म्हणून शेजारणीची चिठ्ठी वापरायची नाही. गुण कळायला दोन-तीन महिने लागतात. डोळ्यांपुढे रेषा दिसून मायग्रेन होत असेल तर कुटुंबनियोजनाची गोळी सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

बाम चोळा, हरकत नाही, डोळ्यांपासून लांब. सुंठेचा लेप पातळ लावा, कातडी भाजते. बिब्बा कानशिलावर लावू नका, डाग देऊ नका, त्याच्या जखमा मी बांधल्या आहेत. केस कापल्यावर सलूनमध्ये झटका देऊन मान मोडून घेणं बंद करा. क्वचित, पण त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झालेला आहे. हलकी मालीश करून घ्या, कडकड आवाज काढू देऊ नका. आणि कशाची आहे ते न सांगता दिलेली पुडी किंवा "लगेच उतरवणारं" इंजेक्शन घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असेल तर चार दिवस बरं वाटतं आणि मग साखर, रक्तदाब, हाडं यांचं नुकसान सोसावं लागतं.

डॉक्टरांपुढे बसल्यावर

आपल्या भागात एक अडचण आहे जी पुण्या-मुंबईच्या आरोग्यलेखांत सापडत नाही. खेड्यातली मराठी बाई सरकारी दवाखान्यात जाते, समोरचे डॉक्टर कधी कन्नड बोलणारे, कधी फक्त इंग्रजी-हिंदी. ठसठस, आवळ, चमक हे सगळे शब्द तिच्या जिभेवरच राहतात आणि ती एवढंच म्हणते, "तले नोवु." डॉक्टर त्याच एका शब्दावर औषध लिहितात. कन्नड शिकावं, ते उत्तमच, पण आज तपासायचं आहे तर निदान इतके शब्द चिठ्ठीवर लिहून न्या: डोकेदुखी म्हणजे तले नोवु, मानदुखी कुत्तिगे नोवु, उलटी वांती, चक्कर तले सुत्तु, बधिरपणा जोमु, उजवीकडे बलगडे, डावीकडे एडगडे. ताप ज्वरच. ठसठस सांगायची तर मूठ उघडझाप करून दाखवा, आवळल्यासारखं सांगायचं तर दोन्ही हातांनी डोकं आवळून, आणि कळ कुठून कुठे जाते ते बोटाने रेघ ओढून. माझा अनुभव असा की हे हातवारे कोणत्याही भाषेतल्या डॉक्टरला कळतात.

सोबत जाणाऱ्या मुलाने किंवा नवऱ्याने तिच्या वतीने बोलू नये, ती सांगेल तेच भाषांतर करून सांगावं. आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घाला, मिरज-कोल्हापूरची जुनी फाइल असेल तर तीही. रेशनकार्ड नि आधार जवळ ठेवा, मोठ्या उपचाराची वेळ आली तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेसाठी तिथेच चौकशी करता येते. मग ती वही पुढे करायची आणि पहिल्या वाक्यात तीनच गोष्टी सांगायच्या: महिन्यातले किती दिवस दुखतं, एकदा सुरू झालं की किती तास, आणि महिन्यात गोळ्या किती.